व्हॉल्व्ह नवीन बसला, पण पंप तोच आहे

नेरुळहून एका सूनबाईचं पत्र आलंय. मोठं आहे, थोडक्यात देते.

"ताई नमस्कार, आम्ही सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. माझे सासरे ७९ वर्षांचे, तुर्भ्याला एमआयडीसीत फिटर होते. पाच महिन्यांपूर्वी त्यांचा हृदयाचा व्हॉल्व्ह बदलला, छाती न उघडता, मांडीतून घालतात तो, टावी म्हणतात. त्याच्या आधी एकदा फुप्फुसात पाणी भरलं म्हणून ॲडमिट होते. एफडी मोडली, मेडिक्लेम वापरला, सगळं केलं. पहिले दोन-तीन महिने बाबा एकदम छान होते, स्वतः खाली उतरून पेपर आणायचे. आता महिनाभर झालं परत दम लागतो, संध्याकाळी पाय सुजतात, पँटचं बटण लागत नाही, रात्री दोन उशा घेतात. यांचं म्हणणं, वजन वाढलं म्हणजे तब्येत सुधारली, आणि या वयात दम लागणारच. महिन्याभरानंतरच्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, व्हॉल्व्ह उत्तम, पंपिंग ५५ आलं होतं. एक गोळी होती डापाग्लिफ्लोझिन, केमिस्ट म्हणाला ही शुगरची आहे, बाबांना शुगर नाही, म्हणून यांनी डॉक्टरांची चूक समजून बंद केली. लघवीची गोळी बाबाच कधी घेतात कधी नाही, सारखं जावं लागतं म्हणून. गुडघ्यासाठी पेनकिलर चालू आहे. बाकी बीपी आहे, किडनीचं क्रिएटिनिन १.६, आणि दहा वर्षांपूर्वी हाताला मुंग्या यायच्या म्हणून दोन्ही मनगटांचं ऑपरेशन झालंय. ताई, एवढा खर्च करून व्हॉल्व्ह बसवला तो खराब झाला का? की मीच उगाच घाबरतेय? घरात सगळे तसंच म्हणतात."

अगं, तू उगाच घाबरत नाहीयेस. तुझ्या नंबरवर मी कालच कळवलंय की दोन दिवसांच्या आत बाबांना त्यांच्या कार्डिओलॉजिस्टकडे ने, पुढच्या महिन्यातल्या अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस. इथे सविस्तर लिहितेय कारण अशी पत्रं मला ठाण्यातून, डोंबिवलीतून, वाशीतून सारखी येतात आणि जवळपास प्रत्येकात हेच वाक्य असतं, व्हॉल्व्ह तर चांगला आहे म्हणाले. मी डॉक्टर नाही, तीस वर्षं कार्डियाक वॉर्डात सिस्टर होते, त्यामुळे गोळी चालू कर बंद कर हे मी सांगणार नाही, पण काय बघायचं आणि डॉक्टरांना काय विचारायचं ते नक्की सांगू शकते.

बाबा फिटर होते ना, मग त्यांना हे तुझ्यापेक्षा लवकर कळेल. समज सोसायटीच्या पंपाच्या पुढचा व्हॉल्व्ह गंज चढून जवळजवळ बंद झालाय आणि तरी वर टाकीत पाणी चढवायचं म्हणून पंप तसाच जोर लावून दहा वर्षं चालवला. मग एक दिवस नवीन व्हॉल्व्ह बसवला. पाणी धो धो चढायला लागलं, खरंय, पण पंपाची दहा वर्षांची झीज त्या व्हॉल्व्हने भरून निघते का? हृदयाचं तेच होतं. बाबांचा बदलला तो अओर्टिक व्हॉल्व्ह, हृदयातून शरीराकडे रक्त जाण्याचं दार. त्याचं तोंड साधारण ३ ते ४ चौरस सेंटीमीटर असतं, वयामुळे त्यावर कॅल्शियम साचून ते १ च्या खाली आलं की सिव्हिअर म्हणतात, म्हणजे चार दारं होती तिथे एक फट उरली. त्या फटीतून रक्त ढकलायला डाव्या कप्प्याची भिंत जाड होत जाते, आणि जाड झालेला स्नायू हळूहळू कडक होतो, त्यात चट्ट्यासारखे तंतू तयार होतात. व्हॉल्व्ह बदलला की भिंतीवरचा ताण त्याच दिवशी उतरतो, जाडीही महिन्या-महिन्याने काही प्रमाणात कमी होते, पण ते तंतू बहुतेक तसेच राहतात. म्हणून काही पेशंट टावीनंतर पळायला लागतात आणि काही परत धापा टाकायला लागतात, दोघांचा व्हॉल्व्ह सारखाच उत्तम असतो.

आणि हे वयस्करांमध्ये जास्त का, तर टावी ही मुळात निघालीच त्यांच्यासाठी. २००२ साली फ्रान्समध्ये डॉ. आलँ क्रिबिए यांनी पहिल्यांदा असा व्हॉल्व्ह माणसात बसवला तो ज्याला छाती उघडून ऑपरेशन झेपणार नाही अशा पेशंटला. आता कमी रिस्कच्या लोकांनाही करतात, तरी आपल्याकडे येणारे बहुतेक सत्तरी-ऐंशीचे, सोबत बीपी, किडनी, शुगर, फुप्फुसं, रक्त कमी, असं काही ना काही असतंच, आणि कित्येक तर दम लागायला लागल्यावर दोन-दोन वर्षं वय झालं म्हणून घरी काढून मग येतात. तुझ्या सासऱ्यांच्या फुप्फुसात ऑपरेशनच्या आधीच पाणी भरलं होतं, किडनी थोडी कमी चालतेय. म्हणजे त्यांना परत हार्ट फेल्युअरचा त्रास होण्याची शक्यता पहिल्यापासून जास्त होती, आणि हे घरी जाताना कुणीतरी तुम्हाला बसवून नीट सांगायला हवं होतं. डिस्चार्जच्या दिवशी बिल, मेडिक्लेमची कागदपत्रं, टाक्यांची काळजी, यातच सगळा वेळ जातो.

हार्ट फेल्युअर या शब्दाने घाबरू नका. हार्ट बंद पडलं असा त्याचा अर्थ नाही, हृदयाला शरीराच्या गरजेएवढं रक्त पुढे ढकलता येत नाही किंवा नीट भरून घेता येत नाही, मग मागे पाणी साचतं, पायात, पोटात, फुप्फुसात. पंपिंग ५५ असताना हे कसं, असं तुझे मिस्टर विचारतील, सगळेच विचारतात. पंपिंगचा आकडा एवढंच सांगतो की भरलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर गेलं. कडक झालेला कप्पा मुळात कमीच भरत असेल किंवा भरताना आतलं प्रेशर वाढत असेल तर ५५ टक्के असूनही माणसाला जिना चढवत नाही. हा प्रकार म्हाताऱ्या माणसांत भरपूर दिसतो आणि आकडा चांगला म्हणून हमखास दुर्लक्षित होतो.

आता त्या शुगरच्या गोळीचं, कारण मला पत्रात सगळ्यात जास्त तेच खटकलं. केमिस्ट चुकीचं बोलला नाही, ती गोळी आली शुगरसाठीच. पण ती लघवीतून साखर आणि त्यासोबत थोडं पाणी-मीठ बाहेर टाकते, आणि हार्ट फेल्युअरमध्ये, किडनीच्या आजारात शुगर नसलेल्या लोकांनाही तिचा फायदा होतो हे कळून काही वर्षं झालीत. टावीच्या पेशंटांवर तर वेगळा अभ्यास झाला, स्पेनमध्ये, १२०० च्या वर पेशंट, बहुतेक ऐंशीच्या आसपासचे किंवा पुढचे, त्याचा निकाल २०२५ मध्ये आला. आधी हार्ट फेल्युअर होऊन गेलेलं आणि त्यासोबत किडनी कमी किंवा शुगर किंवा पंपिंग कमी, असे लोक त्यात होते, म्हणजे बरोबर तुझ्या सासऱ्यांसारखे. निम्म्यांना नेहमीच्या औषधांसोबत डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम दिलं, निम्म्यांना नाही. वर्षभरात मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर बिघडणं हे गोळी न घेणाऱ्यांत सुमारे २० टक्क्यांना झालं आणि घेणाऱ्यांत १५ टक्क्यांना. फरक मुख्यतः हार्ट फेल्युअर बिघडण्यात होता, मृत्यूंमध्ये फारसा नव्हता, पण परत परत ॲडमिट होणं काय असतं हे ज्याच्या घरात झालंय त्याला विचार. तर डॉक्टरांनी चूक केली नव्हती, विचार करूनच दिली असणार. भारतात २०२० मध्ये पेटंट संपल्यापासून ती स्वस्तही झालीय. तरी आपल्या मनाने परत चालू करू नका, एवढे दिवस बंद होती, आता किडनी आणि बीपी बघून डॉक्टरांनाच ठरवू दे. आणि ती घेताना दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या, लघवीच्या जागी खाज किंवा बुरशी होऊ शकते म्हणून तिथली स्वच्छता, आणि उलट्या-जुलाब झाले किंवा जेवण बंद असलं, एखादं ऑपरेशन असलं, तर डॉक्टरांना विचारून काही दिवस थांबवावी लागते. बीपी कमी होऊन चक्कर आली तर लगेच सांगायचं.

लघवीच्या गोळीचं बाबांचं दुखणं मला समजतं गं. फिरायला जायचं आणि वाटेत बाथरूम नाही, या वयात तो लाजेचा प्रश्न असतो, त्यावर त्यांना ओरडू नका. पण गाळायची नाही. डॉक्टरांना सरळ सांगा की सकाळी फिरायला जातात, आल्यावर घेतली तर चालेल का. बहुतेक वेळा वेळ पुढेमागे करता येते, फक्त रात्री उशिरा नको म्हणजे झोपेतून उठून अंधारात धडपडणं नको.

आणि ती गुडघ्याची पेनकिलर आजच दाखवा. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीतली असेल तर ती शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते, लघवीच्या गोळीचं काम मारते आणि क्रिएटिनिन वाढवते. एका बाजूने मोटर लावून पाणी उपसताय आणि दुसऱ्या बाजूने नळ उघडा आहे, असं चाललंय. दुखण्यावर साधं पॅरासिटामॉल, शेक, मलम असे पर्याय असतात, ते विचारा. असली पट्टी कुणीही काउंटरवरून घेऊन येतो आणि ती औषधांच्या यादीत कुणी लिहीतच नाही, मी वॉर्डात कितीदा बघितलंय की सगळं शोधून झाल्यावर शर्टाच्या खिशातून ती पट्टी निघते.

आता घरी काय बघायचं. बाबा खुर्चीत बसलेले असताना घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा ठेव आणि दहा सेकंद घट्ट दाबून धर, मग अंगठा उचल. तिथे खड्डा पडून राहिला, पिठाच्या गोळ्यावर बोट टेकल्यासारखा, आणि हळूहळू भरला, तर ते पाणी आहे, तब्येत सुधारलेली नाही. सॉक्सचा वळ रात्रीपर्यंत दिसतो का तेही बघ. वजनकाटा घरात नसेल तर घे, आणि तो भिंतीकडेला फरशीवर एकाच जागी ठेवायचा, गादीवर किंवा पायपुसण्यावर नाही. रोज सकाळी उठल्यावर, संडास-लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, साधारण सारख्याच कपड्यांत वजन करायचं आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचं. तीन दिवसांत २ किलोच्या वर गेलं तर फोन करायचा, दम नसला तरी. तीन दिवसांत दोन किलो मांस चढत नाही गं कुणाला, ते पाणीच असतं.

आणि उशा मोजायच्या. हे मी एवढं ठासून सांगतेय त्याला कारण आहे. माझे वडील पाचपाखाडीला राहायचे, त्यांचा व्हॉल्व्ह छाती उघडून बदलला होता. सहा-सात महिन्यांनी ते रात्री हॉलमध्ये आरामखुर्चीतच झोपायला लागले. टीव्ही चालू असायचा, आम्हाला वाटलं टीव्ही बघता बघता डोळा लागतो. मी रोज ड्युटीवरून यायची, त्यांच्या अंगावर शाल घालायची, टीव्ही बंद करायची आणि आत जाऊन झोपायची. तीन आठवडे. आडवं झालं की घुसमटायचं म्हणून ते खुर्चीत झोपत होते, आणि आम्हाला त्रास नको म्हणून बोलत नव्हते. एका पहाटे फेसाळ खोकला यायला लागला, ओठ काळसर, मग ॲम्ब्युलन्स, आयसीयू. वाचले, पुढे चार वर्षं चांगली काढली, पण ते तीन आठवडे मी अजून विसरले नाहीये. ज्या लक्षणावर मी दुसऱ्यांच्या वडिलांसाठी रात्री-अपरात्री डॉक्टरांना उठवायची, ते घरी माझ्या समोर होतं. म्हणून तुझ्या पत्रातलं "दोन उशा घेतात" हे वाक्य वाचलं आणि मी तुला लगेच मेसेज केला.

बसल्या जागी धाप, झोपेतून घुसमटून उठणं, फेसाळ किंवा गुलाबी कफ, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही झालं तर ओपीडी वगैरे नाही, १०८ ला फोन करा नाहीतर गाडीने थेट इमर्जन्सीला. तीन मजले त्यांना चालत उतरवू नका, खुर्चीत बसवून दोघांनी उचलून आणा, शेजाऱ्यांना आत्ताच सांगून ठेव.

डॉक्टरांकडे गेलात की व्हॉल्व्ह कसा आहे एवढंच विचारून येऊ नका. इको परत लागेल, त्यात व्हॉल्व्हच्या कडेने रक्त मागे गळतंय का ते दिसतं, टावीत थोडी गळती काहींना राहते आणि ती जास्त असेल तर महत्त्वाची असते. दुसरा मायट्रल व्हॉल्व्ह कसा आहे तेही विचार. ईसीजी काढतील, कारण ठोके अनियमित होणं हे परत दम लागण्याचं फार कॉमन कारण आहे, आणि हृदयाची करंट वाहणारी वायर त्या अओर्टिक व्हॉल्व्हला अगदी चिकटून जाते, नवीन व्हॉल्व्हचा दाब त्यावर पडला तर काहींना नंतर पेसमेकर लागतो. रक्तात हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, पोटॅशियम, आणि एनटी-प्रोबीएनपी नावाची टेस्ट, ती हृदयावर किती ताण आहे ते सांगते.

अजून एक, आणि हे मी मुद्दाम लिहितेय. बाबांच्या दोन्ही मनगटांच्या ऑपरेशनचं तू सहज लिहिलंस, ते डॉक्टरांना आठवणीने सांग. अमायलॉइड नावाचा एक आजार असतो, त्यात एक प्रकारचं प्रोटीन हृदयाच्या स्नायूत साचून तो कडक होतो, आणि तेच प्रोटीन बऱ्याचदा कित्येक वर्षं आधी मनगटात साचून मुंग्या आणतं. परदेशात टावीच्या वयस्कर पेशंटांची मुद्दाम तपासणी केली तेव्हा सात-आठ जणांमागे एकात तो सापडला. बाबांना तो असेलच असं अजिबात नाही, आयुष्यभर पाना फिरवणाऱ्या माणसाची मनगटं कामानेही जातात. पण एका स्कॅनने आणि रक्त-लघवीच्या तपासणीने कळतं, आणि असेल तर औषधांची दिशा बदलते, तेव्हा विचारून घ्यायला हरकत नाही.

जेवणाचं. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, आणि ते भाजीत घालतो तेवढंच नाही, लोणचं, पापड, फरसाण, वडापाव, ब्रेड, पाकिटातलं सूप, सगळं त्यातच. सुकट-बोंबील घरात होत असतील तर ते त्यांच्यासाठी बंद, ताजी मासळी खुशाल द्या. ॲसिडिटी झाली की फसफसणारी पावडर पाण्यात घालून पितात त्यातही सोडियम भरपूर असतं. आणि बाजारात लो सोडियम मीठ मिळतं ते हेल्दी म्हणून आणू नकोस, त्यात पोटॅशियम असतं, किडनी कमी असलेल्या माणसाला ते धोक्याचं ठरू शकतं. लिंबू, कोकम, आलं-लसूण, ओलं खोबरं, कोथिंबीर यांनी अळणी जेवण पुष्कळ निभतं, पहिले पंधरा दिवस कुरकुर होते मग जिभेला सवय लागते. पाणी किती प्यायचं ते मात्र डॉक्टरांना विचारूनच, आपल्या मनाने तोडू नका.

सूज उतरली आणि डॉक्टर हो म्हणाले की चालणं परत चालू. कार्डियाक रिहॅब, म्हणजे हृदयाच्या पेशंटांना देखरेखीखाली व्यायाम करवतात ते, जवळपास कुठे असेल तर आठ-बारा आठवडे घालवाच, नसेल तर सपाट रस्त्यावर, ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तळ्याकाठी सकाळी चालताना सोबत कुणीतरी बोलायला असावं, बोलताना वाक्य तुटायला लागलं की थांबायचं. जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावर एक स्टूल ठेवायला सोसायटीला विचार. फ्लू आणि न्यूमोनियाची लस विचारून घ्या. दात काढायचा असेल तर डेंटिस्टला व्हॉल्व्ह बसवलाय हे आधी सांगा, अँटिबायोटिक आधी द्यावं लागतं.

तुझ्या मिस्टरांना एवढंच वाचून दाखव. दादा, एफडी मोडून तुम्ही वडिलांना व्हॉल्व्ह बसवलात, तो पैसा वाया गेलेला नाही, तो व्हॉल्व्ह बसवला नसता तर आज बाबा कदाचित आपल्यात नसते. तुमच्या बायकोने जे बघितलंय, पँटचं बटण, उशा, पाय, ते आम्ही वॉर्डात राउंडला नेमकं हेच बघायचो. तिचं ऐका.

डॉक्टरांकडे जाताना डिस्चार्जचे कागद, व्हॉल्व्हचं कार्ड, जुन्या-नव्या इकोचे रिपोर्ट आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या, बंद केलेल्याही आणि खिशातलीही. आणि आल्यावर मला कळव, काय म्हणाले ते, आणि कालनिर्णयवर पहिल्या दिवशी किती वजन लिहिलंस ते.